सॉफ्टवेअर घेण्याआधी सीन सुटे करा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वाई तालुक्यातल्या एका गावातले चौघे मित्र मिळून शॉर्टफिल्म करत आहेत. पत्र लिहिणारे शाळेत शिकवतात आणि फिल्मच्या निर्मितीची बाजू सांभाळतात. आजी आणि नातवाची गोष्ट आहे, लांबी साधारण १८ मिनिटं, पटकथेत २२ सीन. ९० हजार रुपये जमवले होते. दिवाळीनंतर दोन दिवस शूटिंग केलं, त्यात ३२ हजार गेले आणि हाती आले जेमतेम तीन सीन. पहिल्या दिवशी कंदील घरीच राहिला. तो आणेपर्यंत पहाट संपून गेली. दुसऱ्या दिवशी नातवाच्या अंगात वेगळा शर्ट होता, हे एडिटिंगला बसल्यावर लक्षात आलं. आता एक मित्र म्हणतो, ‘पैसे भरून पटकथेचं चांगलं सॉफ्टवेअर घेऊ, ते शेड्यूल आपोआप काढून देतं.’ पटकथा लिहिणारा मित्र म्हणतो, ‘त्या चौकटीत गोष्टीचा जीव जातो, वहीच पुरे.’ उरलेलं शूटिंग डिसेंबरअखेर चार दिवसांत संपवायचं आहे. वाचक विचारतात: कुणाचं ऐकू? आणि सॉफ्टवेअर घ्यायचं तर कुठलं? सोबत त्यांनी पटकथेची काही पानं पाठवली आहेत.

तुमचे दोन्ही मित्र एकमेकांना विरोध करत आहेत असं तुम्हाला वाटतंय, पण ते दोन वेगळ्या कामांबद्दल बोलत आहेत. गोष्ट सुचणं, संवाद जमणं हे वहीत होत असेल तर खुशाल वहीत होऊ द्या. आखणी मात्र त्या वहीवरून होणार नाही. आणि सॉफ्टवेअर शेड्यूल ‘आपोआप’ काढतं हेही खरं नाही. ते सीनचं शीर्षक वाचतं, पात्रांची नावं वाचतं आणि तुम्ही ज्या शब्दांवर खूण केली असेल त्यांच्या याद्या करून देतं. मग त्या याद्या हव्या तशा हलवायची सोय देतं. यापलीकडचं ठरवणं तुमचंच.

कंदिलाचंच बघा. पाठवलेल्या पानांत कंदील कुठे येतो हे मी शोधलं. कृतीच्या वर्णनात तो कुठेच नाही. आजी नातवाला एका वाक्यात फक्त ‘बाळू, कंदील धर रे’ एवढं म्हणते. महागातलं महाग सॉफ्टवेअर असतं तरी संवादातला तो कंदील प्रॉपर्टीच्या, म्हणजे शूटिंगला लागणाऱ्या वस्तूंच्या, यादीत आपणहून गेला नसता. कुणीतरी त्यावर खूण करायला हवी होती. शर्टाचंही तेच: बाळूच्या अंगात काय आहे हे पटकथेत लिहिलेलंच नाही. म्हणजे तुमचे ते दोन दिवस सॉफ्टवेअर नसल्यामुळे गेले नाहीत. पटकथा वाचायला चांगली होती, पण मोजता येईल अशी लिहिलेली नव्हती, म्हणून गेले.

तेव्हा आधी मजकूर हाताशी घ्या. पटकथा डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली आहे असं तुम्ही लिहिलंय. ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर कुठल्याही पटकथेच्या प्रोग्रॅममध्ये टाकल्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. डीटीपीवाल्याकडूनच युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, आणि नंतर एकदा ओळ न ओळ वाचा. रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी या तीन ठिकाणी रूपांतरात हमखास चुका होतात. फाइल साध्या मजकुराची ठेवणार असाल तर सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा. दुसरा पर्याय निवडला तर सगळं मराठी प्रश्नचिन्हांत बदलू शकतं, आणि मग मूळ परत येत नाही.

आता सीन. तुम्ही २२ म्हणता, पण तुमचा सीन ७ असा आहे: पहाटे आजी आणि बाळू वाड्यातून निघतात, उसाच्या बांधावरून घाटावर येतात, आजी पाण्यात दिवा सोडते, परतताना ऊन वर आलेलं असतं. वाचताना हा एक प्रसंग आहे. शूटिंगसाठी हे चार सीन आहेत: वाड्याचा दरवाजा पहाटे, बांध पहाटे, घाट पहाटे, आणि बांध सकाळी उन्हात. जागा बदलली की सीन बदलतो, वेळ बदलली की सीन बदलतो. कॅमेरा, लाइट आणि माणसं हलवावी लागतात म्हणून हा नियम आहे. या हिशोबाने तुमचे सीन तिसाच्या पुढे जातील असं पानांवरून दिसतं. ही वाढ वाईट वाटून घेण्यासारखी नाही. ते सीन होतेच, फक्त मोजलेले नव्हते.

प्रत्येक सीनला एक शीर्षक द्या आणि त्यात तीनच गोष्टी ठेवा: आत की बाहेर, जागा, वेळ. उदाहरणार्थ:

बाहेर. नदीचा घाट – पहाट
बाहेर. उसाचा बांध – सकाळ
आत. वाडा, माजघर – रात्र

जागेचं नाव एकदा ठरलं की अक्षरही बदलायचं नाही. तुमच्या पानांत ‘वाडा’, ‘पाटलांचा वाडा’ आणि ‘जुना वाडा’ ही एकाच वाड्याची तीन नावं आहेत. सॉफ्टवेअर त्या तीन जागा धरेल आणि तुमच्या एका दिवसाच्या कामाचे तीन तुकडे तीन दिवसांत विखुरतील. पात्रांचंही तसंच, ‘आजी’ आणि ‘आज्जी’ ही त्याच्या दृष्टीने दोन माणसं. आणखी एक बारीक भानगड देवनागरीतली: ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, प्रोग्रॅमला वेगळे. म्हणून जागांची आणि पात्रांची नावं एका कागदावर लिहून ठेवा आणि दर वेळी तिथूनच कॉपी करा.

एवढं झाल्यावर सॉफ्टवेअरचा प्रश्न सोपा होतो. फायनल ड्राफ्टचं नाव सगळे घेतात. मोठ्या निर्मितीसंस्थेला पटकथा द्यायची असेल, तिकडे त्याच फाइलची मागणी असेल, तर ते घेणं योग्य. पण शूटिंगच्या पट्ट्या (एका सीनची एक पट्टी) हलवून दिवस लावायचं काम त्यात होत नाही. ते मूव्ही मॅजिक शेड्यूलिंगसारख्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे न्यावं लागतं. तुमच्या बजेटमध्ये हे दोन्ही बसवण्यात अर्थ नाही. सेल्टएक्स किंवा स्टुडिओबाइंडर यांच्यात ब्रेकडाउन (कुठल्या सीनला काय काय लागतं याची यादी), शेड्यूल आणि कॉलशीट (त्या दिवशी कोणी कुठे, किती वाजता यायचं त्याचा कागद) एकाच ठिकाणी होतं. ते ऑनलाइन चालतं आणि वर्गणी द्यावी लागते. घ्यायचंच ठरलं तर वर्षाची वर्गणी भरू नका. पटकथा पक्की झाल्यावर एका महिन्याची घ्या, आणि रोजचं सगळं पीडीएफमध्ये उतरवून ठेवा, कारण लोकेशनवर रेंज असेलच असं नाही.

माझा कौल तुमच्यासाठी तिसऱ्या वाटेला आहे: फाउंटन पद्धतीने लिहिलेली साधी मजकूर-फाइल आणि सोबत एक गुगल शीट. फाउंटन म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे, लिहिण्याची खूणपद्धत. २०१२ मध्ये पटकथाकार जॉन ऑगस्ट, स्टू माश्विट्झ आणि त्यांच्या सोबत्यांनी ती खुली केली. मोबाइलवरही लिहिता येते, पैसे पडत नाहीत आणि पुढे पटकथेचे बरेच प्रोग्रॅम ती फाइल उघडतात. मॅक असेल तर त्यासाठी बीट नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे.

मराठीत लिहिताना तिच्यात एक अडचण येते, ती आधीच सांगतो. फाउंटन पात्राचं नाव इंग्रजीच्या कॅपिटल अक्षरांवरून ओळखतं आणि देवनागरीत कॅपिटल नाहीत. त्यामुळे ‘आजी’ लिहून खाली संवाद लिहिला तर ते सगळं कृतीचं वर्णन म्हणून छापलं जाऊ शकतं. उपाय सोपा आहे. नावाच्या आधी @ टाका. सीनच्या शीर्षकाआधी एक टिंब द्या, मध्ये जागा न सोडता. शीर्षकाच्या शेवटी दोन # मध्ये सीनचा नंबर लिहा. असं:

.बाहेर. नदीचा घाट – पहाट #७#

आजी पायऱ्या उतरते. हातात पेटता कंदील. मागे बाळू, शाळेचा पांढरा सदरा, पाय भिजलेले.

@आजी
बाळू, कंदील धर रे.

शीर्षकाच्या खाली आणि नावाच्या वर एक ओळ रिकामी हवी; नाव आणि संवाद यांच्यामध्ये मात्र ओळ सोडायची नाही. आधी पाच सीन टाकून पीडीएफ काढा आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेलेली नाही ना, ‘क्ष’, ‘श्र’, ‘ट्र’ फुटलेले नाहीत ना, एवढं तपासा. ही परीक्षा पैसे भरून घ्यायच्या सॉफ्टवेअरलाही लावा, पैसे भरायच्या आधी.

‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हे तुम्ही ऐकलं असेल. तो हिशोब १२ पॉइंटच्या कुरिअर फाँटमधल्या इंग्रजी पानाचा आहे. देवनागरीला ओळीत जास्त उंची लागते आणि फाँट बदलला की पानं बदलतात. म्हणून तुमच्या १८ मिनिटांवर पानांवरून विश्वास ठेवू नका. स्टॉपवॉच लावून प्रत्येक सीन मोठ्याने वाचा, कृती मनात चालवा आणि सेकंद शीटमध्ये लिहा. आजी म्हाताऱ्या चालीने पायऱ्या उतरणार आहे; कागदावरची ती एक ओळ पडद्यावर अर्धा मिनिट खाते.

आता ब्रेकडाउन. शीटमध्ये एका सीनची एक ओळ करा. रकाने असे: सीन नंबर, आत/बाहेर, जागा, वेळ, सेकंद, अंदाजे शॉट, पात्रं, गर्दीतली माणसं, प्रॉपर्टी, कपडे, प्राणी, वाहनं, आवाज, परवानगी. मग पटकथा पहिल्या शब्दापासून वाचत एकेक नाम उचला, संवादातलीसुद्धा. सीन ७ मध्ये बघा काय काय निघतं. कंदील: एकसारखे दोन, कारण एकाची काच फुटली तर सकाळ गेली. वात, रॉकेल, काडेपेटी. बाळूचा सदरा: दोन, कारण एक भिजणार आणि दुसरा टेक कोरड्या सदऱ्यात सुरू करावा लागणार. टॉवेल. आजीची साडी कुठली, आणि ती पुढच्या कुठल्या सीनपर्यंत तीच राहते. दिवा, द्रोण, फुलं, जितके टेक तितके संच. आणि म्हशी.

म्हशींपाशी थांबा. प्राणी कॅमेऱ्यासमोर कामाला आणायचा असेल तर भारतीय पशु कल्याण मंडळाची परवानगी आधी काढावी लागते. २००१ च्या नियमांत ते आहे. तुमच्या गोष्टीत म्हशी फक्त मागे दिसतात. त्या पटकथेतून काढा आणि आवाजात ठेवा, हंबरणं आणि घंटा. सीनचं काही बिघडत नाही. असे निर्णय कागदावर घेतले तर एक पैसा लागत नाही.

बाळूचा प्रश्न याहून मोठा आहे, आणि तुमच्या पत्रात तो आलेलाच नाही. बालकलाकारासाठी २०१७ पासूनच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. पालकांची संमती अर्थातच. तुम्ही शिक्षक आहात, मुलाची दमछाक तुम्हाला लगेच दिसेल; तरी ती शूटिंगच्या गडबडीत दिसण्याआधी शेड्यूलमध्ये दिसली पाहिजे. साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज आजच करा. घाट आणि वाडा यांच्या परवानग्या वेगळ्या: जागा ज्याची त्याचं लेखी पत्र, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, आणि पोलिसांना सूचना. कुठल्या घाटाला कुठली तारीख मोकळी ते तिथल्या मंडळींना विचारून ठेवा.

आता चार दिवसांचा हिशोब करू. दिवस १० तासांचा धरा. जेवण १ तास, सामान लावणं-आवरणं आणि जागा बदलणं दीड तास. राहिले साडेसात तास. लाइट, रिहर्सल आणि दोन-तीन टेक धरून नव्या टीमला एका शॉटला २५ ते ३० मिनिटं लागतात, म्हणजे दिवसाला साधारण १६ शॉट. तुमचे २८ सीन उरले असं समजू आणि सीनला सरासरी ३ शॉट धरू: ८४ शॉट. सव्वापाच दिवस झाले. त्यातल्या ६० शॉटमध्ये बाळू असेल तर त्याचेच २८ तास होतात, आणि दिवसाला ५ तासांनी ते साडेपाच दिवसांच्या वर जातात. तुमचं वेळापत्रक कॅमेऱ्याने नाही, त्या मुलाने ठरवलंय. चार दिवस हा आकडा तुम्ही कॅमेऱ्याच्या भाड्यावरून काढला असावा. पटकथेवरून तो निघत नाही.

यातून वाटा दोन. एक, सहा दिवस करा, तीन-तीनचे दोन टप्पे, मध्ये दहा-बारा दिवस ठेवून. भाडं आणि जेवणखाण वाढेल, पण पहिल्या टप्प्याचं फुटेज बघून दुसऱ्यात चुका सुधारता येतील. दोन, सीन कमी करा. तुमच्या ५८ हजारांत मला दुसरी वाट जास्त बरी वाटते. पाठवलेल्या पानांतला लग्नाचा प्रसंग एका नव्या जागेसाठी, चाळीस माणसांच्या गर्दीसाठी आणि मांडवासाठी एक अख्खा दिवस खातो, आणि त्यातून आपल्याला कळतं काय, तर आजीला बोलावणं आलं नाही. ते वाड्याच्या ओट्यावर बसलेल्या आजीला दुरून वाजंत्री ऐकू येते एवढ्यात कळेल. शिवाय बाळू दुपारी मोकळा झाला की आजीचे एकटीचे क्लोजअप घ्या, समोर मोठा माणूस बसवून. असं केलं तर चारला पाच दिवस होतील, सहा नाही.

पट्ट्या लावताना रंगांची जुनी रीत पाळा: आत-दिवस पांढरा, बाहेर-दिवस पिवळा, आत-रात्र निळा, बाहेर-रात्र हिरवा. शीटमधल्या ओळींना हे रंग दिले की कुठल्या दिवशी काय अंगावर येणार आहे हे एका नजरेत दिसतं. ओळी आधी जागेप्रमाणे लावा, मग वेळेप्रमाणे, मग बाळूच्या तासांप्रमाणे. पहाटेचे सीन वेगळे काढा. डिसेंबरअखेर आपल्याकडे सातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि त्याआधीचा तो निळसर उजेड वीस-बावीस मिनिटं टिकतो. एवढ्यात एका जागी दोनच शॉट होतात, फार तर तीन, तेही कॅमेरा आणि कंदील सहापासून तयार असतील तर. तुमचे पहाटेचे तीन सीन आहेत म्हणजे तीन सकाळी लागतील. त्यातला बांधावरचा सीन संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेल्यावर घ्या. चौकट आवळून घेतली तर फरक कळत नाही. वाईच्या खोऱ्यात डोंगर जवळ आहेत, ऊन घड्याळाच्या आधी जातं, म्हणून एक दिवस आधी त्याच जागी उभं राहून वेळ लिहून आणा.

उसाचे सगळे सीन पहिल्या दिवशी घ्या, काही झालं तरी. डिसेंबरात हंगाम जोरात असतो. त्या फडाला तोड कधी येणार हे शेतमालकाच्या हातात नाही. कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या पाळ्या लावणाऱ्या माणसाला, विचारा आणि जवळपास दुसरा, उशिरा लागण झालेला फड बघून ठेवा. उभा ऊस अर्धा शूट झाला आणि टोळी फडात शिरली तर राहिलेल्या शॉटला मागे पाचट दिसेल, आणि ते कुठल्याही एडिटिंगमध्ये लपत नाही. त्याच काळात रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात, तेव्हा रस्त्यालगत संवाद असलेला सीन ठेवू नका.

कॉलशीट एका पानाची पुरे. तारीख, कोणी किती वाजता कुठे यायचं, त्या दिवसाचे सीन त्याच क्रमाने, सीननिहाय प्रॉपर्टी आणि ती आणणाऱ्याचं नाव, बाळू किती वाजता मोकळा होणार, सूर्योदय-सूर्यास्त, जेवण, जवळचा दवाखाना. आदल्या संध्याकाळी आठच्या आत व्हॉट्सअॅपवर पीडीएफ जाऊ द्या आणि प्रत्येकाकडून ‘मिळालं’ हे उत्तर घ्या. छापलेली एक प्रत सामानाच्या गाडीत चिकटवा; गाडी निघताना कुणीतरी एकाने ती वाचत सामानावर बोट ठेवायचं.

तुमच्या लेखक मित्राला हे सगळं करायला लावू नका. त्याने लिहावं, सीन सुटे करायला मात्र तुम्ही त्याच्या शेजारी बसा, कारण ‘पहाट’ म्हणजे अंधार की तांबडं फुटलेलं, हे त्यालाच माहीत आहे. एकदा नंबर पडले की ते बदलायचे नाहीत. नवा सीन घुसला तर तो १२अ. सीन गाळला तर नंबर तसाच ठेवून पुढे ‘गाळला’ लिहा. नंबर सरकवले तर कॉलशीटवरचा १४ आणि एडिटरकडचा १४ वेगळे होतात. सॉफ्टवेअर घेणाऱ्या मित्राकडे ती शीट द्या. त्याला जे आपोआप हवं होतं ते फिल्टर आणि सॉर्टने बरंचसं मिळेल.

आणि झालेले तीन सीन टाकून देण्याआधी त्यांना नवे नंबर लावून बघा. शर्ट ज्यात दिसतो ते शॉट वेगळे काढा. बाळूचा तो दुसरा शर्ट जर घाटावरून परतल्यानंतरच्या सीनमध्ये असेल, तर भिजलेला सदरा काढून घरी तो घातला असं एक छोटं दृश्य वाड्याच्या माजघरात जोडता येईल. एक शॉट, पंधरा सेकंद, बाळू आणि आजी. तो ज्या दिवशी वाड्यात आहात त्या दिवसाच्या ओळीत आत्ताच घाला, म्हणजे दिवाळीनंतरच्या खर्चातला काही भाग अजून कामी येईल.